बागेतल्या झाडांची छाटणी आणि निगा : सातारा-सांगलीकडून सारखे येणारे प्रश्न

सातारा, कऱ्हाड, वाई, सांगली, मिरज, तासगाव, विटा इकडून झाडांबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते इथं एका जागी लावलेत. विषय घरच्या बागेचा, बंगल्यापुढच्या आणि सोसायटीतल्या झाडांचा. मळ्यातली द्राक्षं-डाळिंब ही वेगळी गोष्ट आहे, ती इथं उदाहरणापुरतीच येईल. पहिले सहा प्रश्न आधी वाचा आणि मग आपल्या झाडाकडं जा, कारण त्यातलं खाली परत लिहिलेलं नाही.

१. छाटणी केलीच पाहिजे का? डोंगरातली झाडं कोण छाटतंय?

डोंगरातल्या झाडाला जागा भरपूर असते. यवतेश्वरच्या उतारावरचं जांभूळ वाळलेली फांदी आपण होऊन टाकून देतं, खाली कुणी उभं नसतं. आपल्या दारातल्या झाडाखाली पोरं खेळतात, गाड्या लागतात, वरून वायरी जातात. म्हणून कापायचं ते वाळलेलं, रोगट, एकमेकाला घासणारं, उजेड-वारा अडवणारं, आणि ज्या झाडाला नवीन फुटीवर फूल येतं तिथं फुलासाठी. यातलं एकही कारण नसेल, नुसता माळी आलाय म्हणून किंवा शेजारच्यांनी केली म्हणून करायची असेल, तर कात्री ठेवून द्या. झाड अन्न पानात तयार करतं, पानं काढली की त्याची कमाई गेली. मोठ्या झाडाचा हिरवा पसारा एका वर्षात पाव हिश्शापेक्षा जास्त काढू नये, आणि झाड म्हातारं असेल तर त्याहूनही कमी.

२. छाटणीचा बरोबर महिना कुठला? सगळ्या झाडांना एकच चालतो का?

नाही चालत, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. आधी एवढं बघायचं की आपल्या झाडाला फूल नवीन फुटीवर येतं की आधीच्या फुटीवर. गुलाब, मोगरा, जास्वंद, रातराणी, बोगनवेल, पारिजातक हे नव्या फुटीवर फुलतात, त्यांना बहराच्या आधी कापलं की फूल वाढतं. आंबा, अनंत यांची फूट आधी तयार होते, पिकते, आणि मग तिच्या टोकाला मोहोर किंवा कळी येते, त्यांना बहराच्या आधी कापलं की त्या वर्षीचं फूल तुमच्याच हातानं गेलं. यांची छाटणी फूल-फळ संपल्या संपल्या.

तासगाव-पलूसकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला लागत नाही. द्राक्षाला एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन छाटण्या असतात ते याचसाठी, एप्रिलनंतर जी काडी तयार होते तिच्या डोळ्यातच, म्हणजे जिथून नवीन फूट निघते त्या गाठीत, पुढच्या घडाचा पाया पडतो आणि ऑक्टोबरात तो डोळा फोडायचा असतो. एप्रिलची काडी बिघडली तर ऑक्टोबरात कितीबी कौशल्य दाखवा, घड येत नाही.

दुसरी गोष्ट पाऊस. जाड फांद्यांचं काम भर पावसात नको, ओल्या जखमेत बुरशी शिरते. पण आपल्या दोन जिल्ह्यांत पाऊस म्हणजे काय हे पण बघा, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जत-आटपाडीकडं पाचशेच्या आसपास. त्यामुळं जावळी-महाबळेश्वरवाल्यांनी जून ते सप्टेंबर कात्री बंदच ठेवावी, माण-खटाव-जतकडं जुलैच्या उघडिपीत बारीक काम केलं तरी चालतं. तिसरं, एप्रिल-मेच्या कडक उन्हात झाड उघडं करू नका, आतल्या सालीला ऊन सोसत नाही, ती भाजून फाटते.

वाळलेली आणि मोडून लोंबणारी फांदी मात्र कधीही काढा, तिला महिना नाही.

३. हत्यारं कुठली घेऊ? घरातला कोयता चालेल का?

कोयता, कुऱ्हाड नको. घाव बसतो तिथं लाकूड चिरतं आणि चिरलेलं लाकूड नीट भरत नाही. बोटाएवढ्या फांदीपर्यंत सिकेटर, म्हणजे आपली द्राक्षाची कात्री, आणि त्यापुढं घडीची आरी, एवढ्यात घरची बाग होते. कात्री दोन पात्यांची घ्या, एक पातं दुसऱ्याला घासून जाणारी. दुसरा एक प्रकार असतो ज्यात पातं सपाट पट्टीवर आदळतं, त्यानं हिरवी काडी चेंगरते, तो वाळक्या काड्यांपुरता ठेवा. तासगाव, पलूस, मिरजेच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात चांगली कात्री मिळते आणि तिथली माणसं ती रोज वापरणाऱ्यांना विकतात, त्यामुळं त्यांना विचारूनच घ्या.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. लिंबू आणि डाळिंबाला तर हे चुकवायचंच नाही, खैऱ्या आणि तेल्या हे दोन्ही जिवाणूचे रोग कात्रीवरून सहज पसरतात.

४. काप नक्की कुठं घ्यायचा? वर की खाली, सरळ की तिरका?

बारीक काडी असेल तर डोळ्याच्या वर पाव इंच सोडून, जरा तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. डोळा निवडताना झाडाच्या बाहेर तोंड असलेला निवडा, नवीन फांदी त्याच दिशेला जाणार आहे.

फांदी बुडापासून काढायची असेल तर ती खोडाला मिळते तिथं निरखून बघा, सुरकुतलेलं, थोडं फुगीर कडं दिसतं. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर. कडं कापायचं नाही आणि त्याच्यापुढं थोटूकही ठेवायचं नाही. जखम भरणारी नवी साल त्या कड्यातून येते. खोडाला अगदी सपाट घासून कापलेली फांदी दिसायला साफ दिसते पण जखम मोठी होते आणि भरणारं कडंच गेलेलं असतं. थोटूक ठेवलं तर ते वाळतं, कुजतं, आणि ती कुज आत खोडात उतरते.

५. मनगटाएवढी फांदी कापली की खाली पडताना खोडाची साल सोलून नेते. काय करायचं?

तीन काप घ्यायचे. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूनं, साधारण तिसरा हिस्सा आत जाईल एवढाच. दुसरा त्याच्या दोन बोटं पुढं, वरून, आरपार. फांदी पडते पण साल पहिल्या कापापाशी थांबते. आता जे फूटभर थोटूक उरलं त्याला वजन नाही, ते हातानं धरून कड्यापाशी तिसऱ्या कापानं काढा. पाच मिनिटं जास्त जातात. एवढं केलं नाही तर हातभर साल निघालेली जखम भरायला झाडाला वर्षं जातात, कधी भरतच नाही.

फांदी मांडीएवढी असेल किंवा शिडी लागणार असेल तर हे काम स्वतः करू नका, दोर बांधून उतरवणारा माणूस बोलवा.

६. कापलेल्या जागी काय लावू? हळद, शेण, ऑइलपेंट, डांबर असं प्रत्येकजण वेगळं सांगतंय.

डांबर आणि ऑइलपेंट नको. त्यांच्याखाली ओल कोंडते आणि बुरशीला आयती जागा होते. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही, झाड आतून भिंत घालून तो भाग बंद करतं आणि वरून नवीन लाकूड चढवतं. ते काम झाडाचंच आहे, त्याला फक्त काप बरोबर जागी पाहिजे. बारीक कापांना काहीच लावायचं नाही.

फळझाडांच्या जाड कापांना, आणि पुढं पाऊस असेल तेव्हा, बोर्डो पेस्ट लावावी. ती जखम बंद करायला नसते, बुरशी रोखायला असते. घरच्यापुरती अशी करा : १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादलीत, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात अजिबात नाही. चुना निवळून गार झाला की दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. त्यात लोखंडी खिळा बुडवून काढा, खिळ्यावर तांबूस थर चढला तर अजून चुन्याची निवळी घाला, नाहीतर साल भाजेल. त्याच दिवशी वापरून टाका, हातमोजे घाला, पोरं आणि जनावरं लांब.

हळदीनं किंवा शेणानं काही बिघडत नाही, पण पावसात टिकत नाही.

७. गुलाबाची छाटणी कधी आणि किती? दरवर्षी काड्या वाढतात आणि फूल बारीक होतं.

आपल्याकडं दसरा ते दिवाळी. पाऊस गेलेला पाहिजे आणि थंडी यायची पाहिजे. छाटल्यापासून दीड-दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत, आणि गुलाबाचं सगळ्यात चांगलं फूल तेव्हाच निघतं.

आधी वाळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या बुडापासून काढा. मग आतल्या बाजूला घुसणाऱ्या. मग उरलेल्या चार-पाच दणकट काड्या गुडघाभर उंचीवर, बाहेरच्या डोळ्यावर कापा. कापलेल्या जागी मधला गाभा पांढरा-हिरवा दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर अजून खाली या, निरोगी गाभा लागेपर्यंत. जूनमध्ये परत करायची असेल तर नुसती टोकं.

तीन अपवाद. वेली गुलाबाच्या लांब काड्या अशा कापायच्या नाहीत, त्या आडव्या वळवून बांधायच्या, मग प्रत्येक डोळ्यातून बाजूच्या फांद्या येतात आणि फूल तिथं लागतं, कापायच्या त्या बाजूच्या फांद्या. गावठी गुलाबाला हलका हात, बहर गेल्यावर. आणि यंदाच नर्सरीतून आणलेल्या रोपाला पहिल्या वर्षी फक्त वाळलेलं काढा.

८. गुलाबाच्या खालून एक जोमदार फांदी आलीय, कळीच येत नाही. ठेवू का?

कलमाचा सांधा शोधा, बुडाशी गाठीसारखा असतो. फूट त्याच्या खालून आली असेल तर ती जंगली खुंटाची आहे, ती सगळा रस खाईल आणि वरचं कलम दोन वर्षांत संपेल. माती उकरून ती जिथून निघाली तिथून उपटूनच काढा, नुसती कापली तर चार येतात. सांध्याच्या वरून आली असेल तर ती तुमच्या नशिबानं आलेली नवीन फांदी आहे, सांभाळा. सोनचाफा, आंबा, चिकू, कुठल्याही कलमी झाडाला हाच नियम.

९. मोगऱ्याला नुसती पानं. फूल का नाही?

तीन कारणांतलं एक असतं. ऊन कमी, युरिया जास्त, किंवा छाटणीच नाही. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे, बंगल्याच्या उत्तरेच्या भिंतीला लावला असेल तर छाटून काही होणार नाही, जागा बदला.

ऊन असेल तर संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडत न्या. संक्रांत झाली की झुडूप निम्म्यावर छाटा, उरलेली जुनी पानं पण ओरबाडून न काढता एकेक खुडा. बुडाची माती हलवून दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या दिसायला लागतात. पहिला बहर ओसरला की फुललेली टोकं दोन पेरं खाली खुडत राहा, दुसरी फूट येते आणि तिच्यावर परत फूल. जाई-जुईलाही छाटणी जानेवारीतच, पण त्या वेली आहेत म्हणून मांडवावरचा सांगाडा ठेवून बाजूच्या फांद्या आखूड करायच्या.

१०. जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय. छाटून जाईल का?

तो पिठ्या ढेकूण आहे. छाटून निम्मा जातो, कारण तो कोवळ्या शेंड्यात दाटून बसलेला असतो. भरलेले शेंडे कापून थेट पिशवीत, जमिनीवर टाकले की परत चढतो. मग उरलेल्या झाडावर पाण्याची जोरात धार, पानाच्या खालून, आणि दुसऱ्या दिवशी निंबोळी तेल ५ मिली, पाणी १ लिटर, थोडा साबण असं संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी परत. बुडाशी मुंग्यांची रांग दिसली तर तिचा बंदोबस्त आधी करा, त्या मुंग्या ढेकणाचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात, त्या असेपर्यंत तो जात नाही.

जास्वंदीची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर किंवा फेब्रुवारीत, तिसऱ्या हिश्शानं कमी. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील तर ते छाटणीचं काम नाही, काळ्या चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही. शेणखतात मिसळून हिराकस (फेरस सल्फेट) द्या.

११. अनंत, सोनचाफा, पारिजातक, बोगनवेल, पांढरा चाफा यांचं वेळापत्रक सांगा की.

अनंत : फुलं संपल्यावर, पावसाच्या तोंडाला, हलकी. हिवाळ्यात हात लावू नका. सोनचाफा : त्याला छाटणी आवडत नाही, फांद्या काचेसारख्या तुटतात, सरळसोट उंच गेलेल्या एक-दोन फांद्या पावसानंतर आखूड करा आणि सोडा. पारिजातक : फुलं संपली की संक्रांतीनंतर, बिनधास्त छाटा, नव्या फुटीवर ऑगस्टपासून सडा पडतो. बोगनवेल : प्रत्येक बहर गेल्यावर टोकं कापा आणि पाणी कमी ठेवा, जास्त पाणी दिलं की नुसती काटेरी वाढ होते.

पांढऱ्या चाफ्याची पानं थंडीत गळतात आणि लोक घाबरून मेसेज करतात. ते त्याचं नेहमीचं आहे. कापायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च, चीक गळून जाऊ द्या, आणि कापलेली फांदी टाकू नका, आठवडाभर सावलीत वाळू द्या आणि कुंडीत खोचा, लागते.

१२. दारातला आंबा फार उंच गेलाय. सरळ शेंडा मारून बुटका करू का? माळी म्हणतोय एका दिवसात होईल.

एका दिवसात होईल आणि पुढची वीस वर्षं निस्तरावं लागेल. जाड फांदी मधेच तोडली की तिथून डझनभर धुमारे उठतात, ते वरवरच्या सालीखालून आलेले असतात, आतल्या लाकडाशी घट्ट जोडलेले नसतात, आणि मधलं लाकूड कुजत जातं. मग एप्रिल-मेच्या वळवात जो वारा सुटतो त्यात हेच धुमारे आधी मोडतात. दोन वर्षांत उंची परत तेवढीच होते, धोका मात्र वाढलेला.

उंची कमी करायची रीत अशी : उंच गेलेली फांदी तिच्याच अशा एका बाजूच्या फांदीपर्यंत मागं आणायची, जी निदान तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी जाड आहे. मग तीच नवीन टोक होते, झाडाचा आकार राहतो. दरवर्षी एक-दोन फांद्या, तीन वर्षांत बसतो आंबा खाली.

एक अपवाद आहे. आंबा फार जुना, विरळ, फळ बंद झालेला असेल तर त्याला मुख्य फांद्यांपर्यंत कापून नवीन पसारा तयार करतात, त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. ते पाऊस संपल्यावर करायचं असतं, सगळ्या कापांना बोर्डो पेस्ट, खोडकिड्यावर लक्ष, नंतर आलेल्या फुटव्यांतले निवडक ठेवून बाकी काढायचे, आणि दोन-तीन वर्षं फळाची आशा सोडायची. हे जाणत्या माणसाकडून करून घ्या.

१३. दिवाळीत आंबा छाटला, यंदा मोहोरच नाही. असं का?

प्रश्न २ मधलंच कारण. पावसाळ्यात आलेली फूट दिवाळीपर्यंत पिकत आलेली असते आणि तिच्या टोकातून डिसेंबर-जानेवारीत मोहोर निघतो. ती टोकं गेली. झाडाला काही झालेलं नाही, पुढच्या वर्षी येईल. इथून पुढं वाळलेलं आणि दाटी काढायचं काम फळ उतरल्यावर लगेच करा, जूनचा जोराचा पाऊस लागायच्या आत. कैरी-आंब्याचा चीक आणि ताज्या कापाचा चीक दोन्ही कातडी भाजतात, बाह्यांचा शर्ट घाला.

१४. पेरू, लिंबू, डाळिंब, सीताफळ घरी एकेक झाड आहे. सगळ्यांना सारखंच छाटू का?

पेरूला छाटणी मानवते. मे महिन्यात फांद्यांची टोकं वीतभर कापली की पावसात नवीन फूट, तिच्यावर फूल, आणि थंडीत फळ. हा मृग बहर. थंडीतला पेरू गोड असतो आणि पावसाळ्यातल्या फळासारखी त्यात अळी पडत नाही, म्हणून घरच्या झाडाला हाच धरावा.

लिंबाला उलटं. वाळक्या काड्या आणि पानसोट, म्हणजे सरळ वर जाणारे, मोठ्या काट्याचे, फळ न देणारे फुटवे, एवढंच काढा. डाळिंबाला तीन-चार खोडं ठेवून जमिनीतून येणारे फुटवे काढत राहा. सीताफळाची पानं थंडीत झडतात, नवीन पालवी फुटायच्या आत फेब्रुवारीत छाटा.

१५. शेवगा आणि कढीपत्ता उंचच उंच जातात, हाताला येत नाहीत.

शेवगा शेंगा संपल्या की मे महिन्यात कमरेएवढा ठेवून कापा, पावसात खालून फुटतो. त्याच्यावर चढायचं नाही, कुणी कितीही हलका असला तरी, शेवग्याची फांदी सूचना न देता मोडते. कढीपत्त्याचा शेंडा फेब्रुवारी-मार्चमध्ये छातीएवढा ठेवून मारा, आणि रोज काढताना सुटी पानं न ओरबाडता डहाळीचं टोक खुडा, म्हणजे खालून दोन फुटतात. थंडीत तो गप्प बसतो, त्यावेळी खत घालून काही होत नाही.

१६. असं कुठलं झाड आहे का ज्याचा शेंडा कधीच मारायचा नाही?

आहे. नारळ, सुपारी आणि सगळे पाम. त्यांना वाढणारा कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. नारळाच्या हिरव्या झावळ्या पण छान दिसायला म्हणून काढू नका, ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. पूर्ण वाळलेली झावळी तेवढी काढा. दुसरी मोरपंखी आणि ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो अरोकेरिया. मोरपंखीला हिरव्या भागातच हलकी कात्री, आतल्या तपकिरी काडीपर्यंत गेलात तर तिथून परत फुटत नाही, भोक तसंच राहतं. अरोकेरियाचा शेंडा गेला की त्याचा तो मजल्यामजल्याचा आकार कायमचा जातो.

१७. मेंदीचं कुंपण वरून दाट, खालून बोडकं झालंय.

वरून रुंद आणि खालून अरुंद असं कापलं जातंय, खाली ऊनच पोचत नाही. उलटं करा, बूड रुंद, माथा अरुंद. आत्ता जे बोडकं झालंय ते जूनच्या पहिल्या पावसानंतर गुडघ्याएवढं खाली कापा, बारीक काड्यांचं झुडूप आहे, पावसाला तोंड देतं, आणि फुटलं की पहिल्यापासून आकार द्या. ड्युरांटाला हेच.

१८. छाटल्यावर लगेच खत-पाणी वाढवायचं ना?

पाणी उलट कमी करा. पानं कमी झाली म्हणजे झाड कमी पाणी पितं, आणि कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ओल आधीच धरून राहते, वरून रोज पाइप सोडला की मुळं कुजतात. बोट खुपसून दोन इंच खाली माती कोरडी लागली तरच पाणी. रासायनिक खत नवीन फूट बोटभर झाल्यावर, शेणखत मात्र छाटणीच्याच दिवशी चालतं. पालापाचोळा बुडाशी पसरा पण खोडापासून वीतभर लांब ठेवा, चिकटून ठेवला की साल कुजते आणि आपल्याकडं वाळवी पण लागते.

१९. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना झाडाच्या खोडापर्यंत सिमेंट केलंय. झाड वाळायला लागलंय, छाटून वाचेल का?

छाटून नाही वाचणार, सिमेंट काढून वाचू शकेल. मुळांना हवा पण लागते. खोडाभोवती निदान तीन फूट गोल मोकळा करा, माती हातानं हलवा, खोदू नका. मोठ्या झाडाला तीन फूटही कमीच पडतात, जेवढं जमेल तेवढं मोकळं ठेवा. खोडाला चुना-गेरू लावलेला चालतो, उन्हापासून सालीला आडोसा होतो. खिळे ठोकून बोर्ड आणि लाइटिंगच्या तारा मात्र काढा, तार वर्षागणिक सालीत रुतत जाते.

२०. पुराचं पाणी बागेत चार दिवस होतं. पानं गळलीत. कापून टाकू?

थांबा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत परत पूर आला, आणि सांगली-मिरजेकडून हा प्रश्न सुटलेलाच नाही. पाण्याखाली मुळं गुदमरतात म्हणून झाड पानं टाकतं, पानं टाकलेलं प्रत्येक झाड मेलेलं नसतं. पहिलं काम खोडाभोवती साचलेला गाळ काढून मूळ जमिनीची पातळी उघडी करणं, हातभर गाळ तसाच राहिला तर झाड त्यानंच मरतं. दुसरं, चर काढून पाणी बाहेर. वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती भुसभुशीत ओलसर झाली, की ती हलकी हलवा. खत अजिबात नको, मुळं जखमी आहेत. छाटणी महिना-दीड महिन्यानं, कुठं फुटतंय ते दिसल्यावर, वाळलेलं तेवढंच.

पपई दोन दिवसांच्या पाण्यातही जाते, तिची वाट बघू नका. लिंबू नाजूक. नारळ, जांभूळ, पेरू बऱ्याचदा तगतात.

२१. झाड जिवंत आहे का वाळलं हे कसं ओळखायचं?

नखानं साल जरा खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी कोरडं दिसलं तर त्या फांदीच्या खाली-खाली येत परत बघा, अगदी बुडापर्यंत. बुडाशी हिरवं असेल तर तिथवर कापा आणि एक पावसाळा वाट बघा.

२२. झाड माझं, जागा माझी. कापायला परवानगी कशाला?

शहरात लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ खासगी जागेतल्या झाडालाही लागू आहे, आणि त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुडातून पाडणं नाही, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं पण त्यातच येतं. म्हणजे बोडकं करून टाकलं तरी अडचण येऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं आणि त्यापुढच्या झाडांना जास्त संरक्षण आहे. सातारकरांनी नगरपरिषदेत, सांगली-मिरज-कुपवाडवाल्यांनी महापालिकेत उद्यान किंवा वृक्ष विभागात अर्ज द्यायचा, झाडाचा फोटो आणि कारण जोडून. गुलाब-मोगऱ्याच्या आणि वाळक्या काड्यांच्या नेहमीच्या छाटणीला कुणी अडवत नाही, पण जाड फांद्या काढायच्या असतील तर आधी विचारा. गावाकडं १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, आंबा, चिंच, फणस, साग, चंदन अशी झाडं त्यात येतात, तिथं वनखात्याकडं जायला लागतं.

२३. फांद्या लाइटच्या तारेला लागतायत. बांबूला विळा बांधून काढू?

नका काढू. ओला बांबू आणि हिरवी फांदी दोन्हीतून करंट उतरतो, ॲल्युमिनियमची शिडी तर त्याहून वाईट. महावितरणच्या शाखा कार्यालयात किंवा १९१२ वर कळवा, लाइन बंद करून त्यांचीच माणसं काढतात. मार्च-एप्रिलमध्येच सांगा, वळवानंतर त्यांच्याकडं गर्दी होते. ते घाईत कसंही तोडतात अशी तक्रार येते, तर नंतर उरलेली थोटकं प्रश्न ४ प्रमाणं साफ करून घ्या, तारेपासून लांबची तेवढीच.

२४. शेजाऱ्यांच्या झाडाची फांदी आमच्या गच्चीवर आलीय, ते ऐकत नाहीत.

रात्रीत कापून टाकू नका आणि झाडाच्या मुळांवर काही ओतू तर मुळीच नका. दिवसा त्यांना गच्चीवर बोलवा, कुठली फांदी आणि का ते दाखवा, काप कुठं घ्यायचा तेही दाखवा, माळ्याचे पैसे तुम्ही देतो म्हणा. बहुतेकांना झाड जाईल याची भीती असते. तरीही नाही झालं तर प्रश्न २२ मधला अर्ज तुम्हीही देऊ शकता.

२५. छाटायला घेतलं आणि आत घरटं निघालं. आता?

ती फांदी आणि तिच्या आजूबाजूचा आडोसा तसाच ठेवा, पिल्लं उडून गेल्यावर काढा. बुलबुल, शिंजीर यांचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं काम महिनाभरात उरकतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही अंडी-घरट्यांना हात लावायला बंदी आहे. म्हणून कात्री लावायच्या आधी झाडाखाली दहा मिनिटं उभं राहून ये-जा बघावी. आग्या मोहोळ असेल तर लांब व्हा, धूर करू नका, जाणकार माणसाला बोलवा.

२६. कापलेल्या फांद्यांचं काय करायचं? जाळून टाकल्या तर?

जाळू नका. निरोगी बारीक फांद्या आणि पानं तुकडे करून कोपऱ्यात ढीग लावा, थोडं शेण आणि माती घालून ओलसर ठेवा, पावसाळ्यानंतर खत मिळतं. जाड लाकूड गावाकडं चुलीला कुणीही नेतं. रोगट काड्या ढिगात घालायच्या नाहीत, बागेपासून लांब खड्ड्यात पुरा. आणि कण्हेर असेल तर चुलीलाही देऊ नका, शेळीपुढंही टाकू नका, तिचं सगळं अंग विषारी आहे, धूरसुद्धा. हातमोजे घालून कापा आणि खोल पुरा, वर दगड ठेवा म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.